मुंबईतील औद्योगिक मानसशास्त्र व श्रमसंशोधन

मुंबईतील औद्योगिक मानसशास्त्र व श्रमसंशोधन ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणगाव आणि नागपाडा परिसरात उगम पावलेली अभ्यासपरंपरा होय. काम, कामगार आणि कामगाराची वस्ती यांचा एकत्रित विचार करणे हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य मानले जाते. पाश्चात्त्य देशांत औद्योगिक मानसशास्त्राचा जन्म प्रयोगशाळेत व कारखान्याच्या आवारात झाला. मुंबईत मात्र या विषयाची सुरुवात मोठ्या प्रमाणावर चाळीत, दवाखान्यात आणि वस्तीतील वाचनालयात झाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्था (देवनार), मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग, परळ येथील नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आणि शीव येथील केंद्रीय श्रम संस्था या चार संस्थांनी ही परंपरा मुख्यत्वे घडवली. पुढे गिरण्या बंद पडल्यावर आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसल्यावर तिच्या अभ्यासविषयाचे स्वरूप पालटले.

पार्श्वभूमी

मुंबईतील कापडगिरण्यांमध्ये भरतीची पद्धत मुकादम किंवा जॉबर या व्यक्तीभोवती फिरत असे. माणूस कामावर घेणे, त्याला यंत्रावर उभे करणे, त्याची रजा मंजूर करणे आणि त्याला काढून टाकणे हे सर्व अधिकार व्यवहारात जॉबरकडे होते. स्त्री कामगारांच्या खात्यांत हेच काम नायकीण करीत असे. जॉबर बहुधा स्वतःच्या गावातील, नात्यातील वा जातीतील माणसे आणी. त्यांना राहण्यास जागा मिळवून देई, अडीनडीला कर्ज देई आणि त्या बदल्यात दस्तुरी घेई. कामगाराच्या दृष्टीने जॉबर हा एकाच वेळी आश्रयदाता आणि पिळवणूक करणारा होता. त्यामुळे केवळ 'भ्रष्ट प्रथा' एवढ्या शब्दांत तिचे वर्णन अपुरे ठरते.

या रचनेतच जातिभेदही मुरलेला होता. धोट्यातील बॉबिनचे सूत तुटले की ते तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणावरून अस्पृश्य समाजातील कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नाकारला जाई आणि ते खाते अधिक वेतनाचे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. कर्मचारी निवडीचे शास्त्र ज्याला पुढे म्हटले गेले, त्याचा मुंबईतील पहिला मोठा वाद अशा रीतीने बुद्धिमापन चाचण्यांवरून झाला नाही. कोणाच्या तोंडाचा धागा चालेल आणि कोणाच्या नाही, यावरून झाला.

कामगारांच्या स्थितीची पद्धतशीर नोंद त्याआधीच सुरू झालेली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले होते. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. मुंबई सरकारने १९२१ साली श्रम कार्यालय उघडले आणि त्याच वर्षापासून 'लेबर गॅझेट' हे मासिक निघू लागले. कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहण्या त्यातून प्रसिद्ध होत. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील श्रम व निवास या विषयावरील ग्रंथ १९२५ साली प्रकाशित झाला.

भारतातील श्रमविषयक शाही आयोगाने (व्हिटली आयोग, १९२९–३१) जॉबर पद्धतीवर टीका केली आणि भरतीचे काम श्रम अधिकाऱ्यांकडे सोपवावे अशी शिफारस केली. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. आयोगाच्या अहवालाने एक नवा व्यवसाय अप्रत्यक्षपणे जन्माला घातला. मात्र त्या व्यवसायासाठी माणसे तयार करणारी शिक्षणसंस्था त्या वेळी देशात नव्हती.

नागपाडा नेबरहुड हाऊस

अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ साली मुंबईत आले. लंडनमधील टॉयनबी हॉल (१८८४) आणि शिकागोमधील हल हाऊस यांच्या धर्तीवर त्यांनी भायखळ्याजवळील नागपाडा वस्तीत नागपाडा नेबरहुड हाऊस हे केंद्र उभारले. सुशिक्षित कार्यकर्त्यांनी वस्तीतच राहावे किंवा रोज वस्तीत बसावे आणि मदतीसोबत अभ्यासही करावा, ही 'सेटलमेंट' चळवळीची मूळ कल्पना होय. नागपाड्याची वस्ती मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती व हिंदू अशी मिश्र होती. गोदी, रेल्वे, गिरण्या व लहान कारखाने यांतील कामगार तेथे राहत.

मॅनशार्ट यांनी या केंद्रात दवाखाना, वाचनालय, खेळ आणि व्याख्यानमाला सुरू केल्या. व्याख्यानांतून 'बॉम्बे टुडे अँड टुमारो' (१९३०) हा संग्रह तयार झाला. शहराचे आरोग्य, घरे, मद्यपान, कामगार अशा विषयांवर अधिकारी आणि कार्यकर्ते या व्याख्यानांत बोलले होते. केंद्रात येणाऱ्या माणसाच्या अडचणीचे मूळ शोधू लागले की ते बहुधा कामाच्या ठिकाणी किंवा काम नसण्यात सापडते, हा त्या केंद्राच्या कामाचा रोख होता. धर्मप्रसारकाने उभारलेले केंद्र असूनही त्याचा कार्यक्रम धर्मांतराचा नव्हता. या कारणाने मॅनशार्ट यांना स्वतःच्या वर्तुळातूनही टीका सहन करावी लागली असावी असे त्यांच्या लेखनाच्या बचावात्मक सुरावरून दिसते.

याच काळात शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात (१९२४–३२) प्रकाश, विश्रांतीची वेळ व उत्पादन यांच्यावरील प्रसिद्ध प्रयोग चालू होते. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे या जाणिवेनेच कामगाराच्या वर्तनात फरक पडतो, असा निष्कर्ष त्यांतून काढला गेला व तो पुढे वादग्रस्तही ठरला. एकाच शहराच्या वातावरणातून निघालेल्या या दोन धारांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. हॉथॉर्नचे संशोधक कारखान्याच्या फाटकाच्या आत पाहत होते. नागपाड्यातील कार्यकर्त्यांना तोच कामगार फाटकाबाहेर, घरी परतल्यावर भेटत होता.

टाटा सामाजिक विज्ञान संस्था

सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९३६ साली 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही संस्था स्थापन झाली. ती नागपाडा नेबरहुड हाऊसच्या वास्तूतच सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. व्यावसायिक समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी ही भारतातील पहिली संस्था होय. १९३७ साली संस्थेने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. १९४० पासून 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' हे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले. मॅनशार्ट यांच्यानंतर १९४१ मध्ये डॉ. जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. १९४४ साली संस्थेला सध्याचे नाव मिळाले, १९५४ साली ती देवनार येथे स्थलांतरित झाली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. १९६२ ते १९८२ या काळात समाजशास्त्रज्ञ डॉ. मा. स. गोरे हे संचालक होते. ते पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

संस्थेच्या शिक्षणपद्धतीत वर्गातील अध्यापनाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला आहे. विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस रुग्णालय, कारखाना, तुरुंग, न्यायालय किंवा वस्ती येथे काम करतो व त्याची नोंदवही पर्यवेक्षकाला दाखवतो. या पद्धतीतूनच पुढे संस्थेचे 'क्षेत्र कृती प्रकल्प' निर्माण झाले. एखाद्या प्रश्नावर प्रत्यक्ष सेवा उभी करावयाची, तिचे अनुभव नोंदवायचे, त्यावर संशोधन करावयाचे आणि शक्य झाल्यास ती सेवा शासनाने स्वीकारावी यासाठी पाठपुरावा करावयाचा, असा या प्रकल्पांचा क्रम असतो. पोलिस आयुक्तालयात १९८४ साली सुरू झालेला महिलांसाठीचा विशेष कक्ष आणि १९९६ साली सुरू झालेली चाइल्डलाइन ही या पद्धतीची सर्वाधिक परिचित उदाहरणे आहेत.

कामगार कल्याण अधिकारी

कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ४९ अन्वये ५०० वा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. त्यामुळे श्रमकल्याण हा स्वतंत्र अभ्यासक्रम झाला. मुंबई सरकारने १९४७ सालीच बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट ही प्रशिक्षण संस्था काढली होती. तीच आज परळ येथील नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते व तिचे अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्या काळात प्रांताचे श्रममंत्री गुलझारीलाल नंदा होते. देवनारच्या संस्थेतही श्रमकल्याणाची शाखा वाढत जाऊन तिचे रूपांतर कर्मचारी व्यवस्थापन व औद्योगिक संबंध या स्वतंत्र अभ्यासक्रमात झाले, आणि एकविसाव्या शतकात त्याला मानव संसाधन व्यवस्थापन व श्रमसंबंध असे नाव मिळाले. नावांच्या या बदलात विषयाचा केंद्रबिंदू कसा सरकला हे स्पष्ट दिसते : प्रथम 'कल्याण', मग 'कर्मचारी', शेवटी 'संसाधन'.

कल्याण अधिकाऱ्याच्या पदात प्रारंभापासून एक अंतर्विरोध होता. त्याने कामगारांच्या तक्रारी मांडाव्यात, उपाहारगृह, पाळणाघर, पिण्याचे पाणी व रजा यांवर देखरेख ठेवावी अशी कायद्याची अपेक्षा होती. परंतु त्याची नेमणूक करणारा व त्याला वेतन देणारा कारखानदारच असे. परिणामी अनेक कारखान्यांत तो व्यवस्थापनाचा माणूस म्हणून ओळखला जाई आणि शिस्तभंगाच्या चौकशांतही त्याला गुंतवले जाई. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्येची मर्यादा २५० अशी कमी करण्यात आली आहे. नेमणूक कोणी करावी हा मूळ प्रश्न मात्र तसाच आहे.

मानसशास्त्राच्या शाखेचा विस्तार

भारतात प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन कलकत्ता विद्यापीठात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ साली स्थापन झाला. औद्योगिक मानसशास्त्र ही त्याच्या प्रमुख अभ्यासशाखांपैकी एक होय. कर्मचारी निवडीच्या चाचण्या, नोकरीतील समाधान, पर्यवेक्षकाचे वर्तन, गैरहजेरी व अपघातप्रवणता हे या शाखेचे नेहमीचे विषय आहेत.

केंद्र शासनाच्या कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीव येथे आहे. औद्योगिक आरोग्य, शरीरक्रियाशास्त्र व कार्यसुलभताशास्त्र यांच्या विभागांसह तेथे औद्योगिक मानसशास्त्राचाही विभाग आहे. रात्रपाळीचा थकवा, उष्णता व आवाज यांचा परिणाम, अपघातांची मानसिक कारणे अशा प्रश्नांकडे पाहण्याची तेथील दृष्टी प्रामुख्याने सुरक्षेची आहे.

या काळातील सर्वांत गाजलेला प्रयोग मुंबई शहरात नव्हे, तर तत्कालीन मुंबई राज्यातील अहमदाबाद येथे झाला. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९४७ साली स्थापन झालेल्या अहमदाबाद वस्त्रोद्योग संशोधन संघटनेत (अटिरा) मानवी संबंधांचा विभाग होता व कमला चौधरी त्याच्या प्रमुख होत्या. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली कॅलिको मिल्समध्ये काम सुरू केले. स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन मिळत नव्हते. प्रत्येक कामगाराला कामाचा एक तुकडा वाटून दिलेला होता. कोण कोणाबरोबर काम करतो हे मागांच्या रांगेगणिक बदलत असे आणि त्यामुळे स्थिर असा गटच तयार होत नव्हता. राइस यांनी ठरावीक मागांची जबाबदारी एका लहान गटाकडे देण्याची कल्पना मांडली. कामगार व पर्यवेक्षकांनी ती लगेच उचलून स्वतःच गट जुळवले. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. राइस यांचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे सतरा वर्षांनी एरिक मिलर यांनी त्याच गिरणीत पुनर्पाहणी केली, तेव्हा ही गटपद्धती काही ठिकाणी टिकून राहिलेली, तर काही ठिकाणी विरून गेलेली आढळली. बाजारातील मागणी बदलली, कापडाचे वाण बदलले आणि त्यांचा ताण गटांना सोसला नाही. प्रयोगाच्या यशाइतकीच ही दुसरी पाहणी महत्त्वाची आहे. पाठ्यपुस्तकांत मात्र ती क्वचितच येते.

गिरणी संप व त्यानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापडगिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी झाले. वेतन व बोनस यांच्यासह एक महत्त्वाची मागणी प्रतिनिधित्वाची होती. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार एका उद्योगात एकाच संघटनेला वाटाघाटींचा अधिकार मिळे व तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. बहुसंख्य कामगारांचा तिच्यावर विश्वास उरलेला नव्हता. बदली कामगारांचा प्रश्नही तितकाच तीव्र होता. बदली कामगार रोज सकाळी फाटकावर उभा राही आणि कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला त्या दिवसाचे काम मिळे. अशा स्थितीत वर्षानुवर्षे काढलेल्या माणसांनी संपात सर्वाधिक चिकाटी दाखवली, असे संपाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. डच अभ्यासक ह. व्हान वर्श यांचा या संपावरील ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला.

संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत आणि गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. औद्योगिक मानसशास्त्राचा सर्व भर तोपर्यंत नोकरीत असलेल्या माणसावर होता. चाळिशीत नोकरी गेलेल्या, एकच यंत्र चालवता येणाऱ्या आणि गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या माणसाविषयी त्याच्याकडे फारसे सांगण्यासारखे नव्हते. कुटुंबाचा भार अनेक घरांत स्त्रियांवर आला. गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमाताई पुरव यांनी १९७५ सालीच बांधली होती. गिऱ्हाईकच नाहीसे झाल्यावर या स्त्रियांना नवे मार्ग शोधावे लागले. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील रहिवाशांच्या मौखिक साक्षी एकत्र करून २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. विद्यापीठीय चौकटीबाहेर झालेले हे काम त्या काळाविषयीचे महत्त्वाचे साधन ठरले आहे.

नवी मुंबई व प्रकल्पग्रस्त गावे

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभारण्याचे काम सुरू झाले. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत त्याआधीच, १९६०च्या दशकात, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसवली होती. या भागातील मूळ रहिवासी प्रामुख्याने आगरी व कोळी समाजाचे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी हे त्यांचे व्यवसाय होते.

नेरूळ उपनगरातील सारसोळे हे या गावांपैकी एक आहे. शिरवणे, कुकशेत, दारावे व करावे ही त्याच्या आसपासची गावे होत. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातील होड्या आजही पाम बीच मार्गापलीकडील जेट्टीवरून खाडीत जातात. गावठाणाभोवती चहूबाजूंनी सेक्टर उभे राहिले, वाढत्या कुटुंबांनी बांधलेली 'गरजेपोटीची घरे' हा अनेक वर्षांचा वादविषय झाला, आणि मासेमारीचे क्षेत्र भराव, प्रदूषण व तिवरांवरील अतिक्रमण यांमुळे आक्रसत गेले.

भूसंपादनाविरोधातील आंदोलनाचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या पोलिस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्यानंतरच्या संघर्षातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आकाराला आली. या योजनेचा आधार सातबारा उतारा होता. ज्या कुटुंबाची उपजीविका नावावरील जमिनीवर नव्हे, तर खाडीवर, मिठागरावर किंवा दुसऱ्याच्या शेतावर होती, त्याचे नुकसान कागदावर उमटत नव्हते. मासळी विकून घर चालवणाऱ्या कोळी स्त्रीचा व्यवसाय तर कोणत्याच नोंदीत येत नाही.

नोकरीचे आश्वासन हा या आंदोलनांचा दुसरा धागा होता. प्रकल्पग्रस्ताचा दाखला असलेल्या तरुणांना सिडको, औद्योगिक वसाहत आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांत प्राधान्य मिळावे अशी मागणी होती. येथे औद्योगिक मानसशास्त्राच्या दृष्टीने एक वेगळा प्रश्न उपस्थित होतो. भरती-ओहोटीवर चालणाऱ्या व्यवसायातील माणूस पाळीवर चालणाऱ्या कामावर येतो, तेव्हा केवळ कौशल्य बदलत नाही. कामाची वेळ कोण ठरवतो, चुकीचा जाब कोणाला द्यायचा आणि घरातील कोणाचे हात कामाला लागतात, हे सर्व बदलते. मासेमारीत आणि शेतीत संपूर्ण कुटुंब काम करते. नोकरी एकाला मिळते. गैरहजेरीची जी आकडेवारी व्यवस्थापनाला बेशिस्त वाटते, तिच्यात हंगाम, जत्रा व कुटुंबातील कामे यांचे वेळापत्रक दडलेले असू शकते. गिरणगावातही कोकणात शेतीला जाणाऱ्या कामगारांविषयी हीच चर्चा दोन पिढ्या आधी झाली होती.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील आर. एन. शर्मा आणि मुंबई विद्यापीठातील के. सीता यांनी संपादित केलेला 'इश्यूज इन अर्बन डेव्हलपमेंट : अ केस ऑफ नवी मुंबई' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नियोजित शहराची उद्दिष्टे व प्रत्यक्ष परिणाम यांच्यातील अंतर हा त्याचा विषय आहे. दरम्यान या भागातील रोजगाराचे स्वरूपही पालटले. रसायन व अभियांत्रिकी कारखान्यांतील कायम नोकऱ्या घटल्या. माहिती तंत्रज्ञान, गोदामे, सुरक्षा व घरकाम यांतील कंत्राटी कामे वाढली. मुंबईतील घाऊक बाजार वाशी–तुर्भे येथे आल्यावर माथाडी कामगारही येथे आले. १९६९च्या माथाडी कायद्याने, अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून, अनेक मालकांकडे काम करणाऱ्या हमालाला एका मंडळामार्फत नोंदणी, वेतन व भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला होता. असंघटित कामगारासाठी भारतात उभ्या राहिलेल्या यंत्रणांपैकी ही सर्वांत कल्पक यंत्रणांपैकी एक समजली जाते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजुरापर्यंत मात्र तिचे संरक्षण पोहोचले नाही.

रोजगाराशी संबंधित क्षेत्र कृती प्रकल्प

देवनार येथील संस्थेच्या पुढील तीन प्रकल्पांत मानसिक स्थिती व रोजगार यांचा संबंध केंद्रस्थानी आहे.

'प्रयास' हा प्रकल्प १९९० साली सुरू झाला. कच्चे कैदी, सुटून आलेले बंदी आणि अनैतिक व्यापारातून सोडवलेल्या स्त्रिया यांच्या पुनर्वसनाचे काम तो करतो. सुटका झालेल्या व्यक्तीला थेट खुल्या बाजारात नोकरी मिळणे कठीण असते. म्हणून तिला प्रथम एखाद्या स्वयंसेवी संस्थेत विद्यावेतनावर उमेदवारी देण्याची पद्धत प्रयासने वापरली. वेळेवर येणे, सहकाऱ्यांबरोबर बोलणे, पगार हातात आल्यावर त्याचा हिशेब ठेवणे यांची सवय या काळात होते. त्याचबरोबर पुढील मालकाला देण्यासाठी एक शिफारसही तयार होते.

'कोशिश' हा प्रकल्प २००६ पासून बेघर व भिक्षेकरी व्यक्तींसोबत काम करतो. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ अन्वये पकडलेल्या व्यक्तींना चेंबूर येथील भिक्षेकरी गृहात ठेवले जाते. त्यांतील अनेकजण काम करणारे, परंतु काम सुटलेले किंवा निवारा नसलेले मजूर असतात, हे या प्रकल्पाने पुढे आणले. २०१८ साली बिहारमधील निवारागृहांच्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे कोशिशचे नाव देशभर झाले. मुंबईतील तिचे रोजगारविषयक काम त्या मानाने कमी परिचित आहे.

'तराशा' हा २०११ साली सुरू झालेला प्रकल्प औद्योगिक मानसशास्त्राच्या सर्वांत जवळ जातो. मनोरुग्णालयात उपचार घेऊन बऱ्या झालेल्या, परंतु कुटुंबाने परत न नेलेल्या स्त्रिया वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहतात. तराशा अशा स्त्रियांना नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहण्याची सोय, समुपदेशन, व्यवसाय प्रशिक्षण आणि नोकरी मिळवण्यास साहाय्य देते. ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय हे तिचे आरंभीचे कार्यक्षेत्र होय. नोकरी हा येथे उपचारानंतरचा टप्पा मानला जात नाही. ती बरे होण्याच्या प्रक्रियेचाच भाग धरली जाते. मालकाला आजाराविषयी सांगावे की नाही, सांगितल्यास किती, औषधांमुळे येणाऱ्या सुस्तीचा मेळ पाळीशी कसा घालावा, वसतिगृहातील सहनिवासिनींना काय सांगावे, असे प्रश्न प्रत्येक स्त्रीबरोबर नव्याने सोडवावे लागतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ ने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क पगाराशिवाय टिकणारा नाही.

एम-पूर्व प्रभाग

संस्थेचे आवार ज्या एम-पूर्व प्रभागात आहे, त्याच प्रभागात देवनारचे कचराक्षेपण क्षेत्र, कत्तलखाना आणि शहरातील इतर भागांतून हलवलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसन वसाहती आहेत. मुंबई मानव विकास अहवाल, २००९ मध्ये शहरातील २४ प्रभागांत या प्रभागाचा निर्देशांक सर्वांत कमी, ०.०५ इतका होता. २०११च्या जनगणनेनुसार प्रभागाची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. अमृतमहोत्सवी वर्षात, २०११ साली, संस्थेने या प्रभागाच्या परिवर्तनाचा प्रकल्प हाती घेतला. घरोघरीच्या पाहण्या, स्थानिक तरुणांचा सहभाग, शिक्षण, आरोग्य व उपजीविका असे त्याचे अंग होते.

पुनर्वसन वसाहतींतील रोजगाराचा प्रश्न हा या प्रकल्पाचा कळीचा भाग होता. घर बदलले की कामाचे ठिकाण दूर जाते; घरकाम करणाऱ्या स्त्रीचा प्रवासखर्च तिच्या एका घरच्या पगाराइतका होतो आणि ती काम सोडते. पत्त्यावरून नोकरी नाकारली जाण्याचा अनुभवही या भागातील तरुण सांगतात. पंचाहत्तर वर्षांपूर्वी वस्तीच्या मधोमध जन्मलेली संस्था स्वतःच्या कुंपणापलीकडच्या वस्तीकडे इतक्या उशिरा का वळली, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला. देशभर विस्तारलेल्या कामाचे कारण त्यावर पुरेसे उत्तर ठरत नाही.

टीका व मर्यादा

या परंपरेवरील टीका मुख्यतः तीन बाजूंनी झाली आहे. कामगार संघटनांच्या मते औद्योगिक मानसशास्त्र वेतन व मालकी यांच्या संघर्षाला 'समायोजना'चा प्रश्न बनवते. कामगार असमाधानी का आहे याचे उत्तर त्याच्या मनात शोधते आणि पगारपत्रकात शोधत नाही. दलित व स्त्रीवादी अभ्यासकांनी निवड, बढती व कामाची वाटणी यांतील जातीचे व लिंगभेदाचे स्थान या विषयात दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्याचे दाखवून दिले. तिसरी टीका भागीदारीच्या दाव्यावर आहे. पाहणीसाठी वस्तीतील लोक तासन्‌तास माहिती देतात. अहवाल इंग्रजीत प्रसिद्ध होतो. तो ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या हाती मराठीत वा हिंदीत क्वचितच पडतो.

आर्थिक अस्थिरता ही चौथी, आणि कदाचित सर्वांत व्यावहारिक, मर्यादा होय. क्षेत्र कृती प्रकल्प हे देणगीदार संस्था, शासकीय विभाग व कंपन्या यांच्या मुदतबंद निधीवर चालतात आणि त्यांतील कार्यकर्ते बहुधा कंत्राटी असतात. जून २०२४ मध्ये निधीची मुदत संपल्याच्या कारणावरून संस्थेतील शंभराहून अधिक कंत्राटी शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना करार पुढे न वाढवण्याच्या नोटिसा देण्यात आल्या. त्यावर देशभर प्रतिक्रिया उमटल्या आणि निधीचे आश्वासन मिळाल्यावर काही दिवसांतच त्या मागे घेण्यात आल्या. असुरक्षित रोजगाराचा अभ्यास करणारे आणि तराशासारख्या प्रकल्पांतून इतरांना नोकरीत स्थिर करणारे अनेकजण स्वतः वर्ष-दोन वर्षांच्या करारावर काम करतात, ही वस्तुस्थिती त्या निमित्ताने सर्वांसमोर आली.